खोट्या बातमीचे प्रामाणिक वाहक : मराठी पत्रकारितेतील दोन माफीनामे (१८८२ व १८९७)

प्रस्तावना

मराठी भाषेत 'ध चा मा करणे' असा एक वाक्प्रचार रूढ आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या लेखी आज्ञेतील 'धरावे' या शब्दात 'ध'च्या जागी 'मा' करण्यात आला आणि कैदेची आज्ञा खुनाची आज्ञा ठरली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. या अक्षरबदलाचा दोष आनंदीबाईंच्या माथी मारला गेला आणि तो आजतागायत पुसला गेलेला नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी ठरविले. पण अक्षर बदलल्याची गोष्ट मात्र मुख्यतः परंपरेच्याच आधारावर उभी आहे. म्हणजे बनावट कागदाविषयीची आपली सर्वांत प्रसिद्ध कथा स्वतःच पुराव्याच्या कसोटीला पुरती उतरत नाही. तरीही ती सांगणारे कोणी लबाड नव्हते. त्यांना ती खरी वाटली, म्हणून त्यांनी ती पुढे सांगितली.

खोट्या बातम्यांचा इतिहास बहुधा लबाडांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. खप वाढविण्यासाठी, सत्ता मिळविण्यासाठी किंवा शत्रूला बदनाम करण्यासाठी कोणीतरी जाणूनबुजून असत्य रचतो, असे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. असत्य रचणारा एखादाच असतो. ते लोकांपर्यंत पोहोचते आणि लोकांना पटते, ते मात्र ज्यांच्या शब्दावर समाजाचा विश्वास आहे अशा माणसांमुळे. मराठी पत्रकारितेच्या व सार्वजनिक जीवनाच्या इतिहासातील या प्रकारची दोन ठळक प्रकरणे टिळक-आगरकर आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी निगडित आहेत. या तिघांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. नेमक्या याच कारणासाठी ही प्रकरणे अभ्यासनीय ठरतात.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, एकोणिसाव्या शतकातील मराठी वृत्तपत्रांत बातमी कोणत्या मार्गाने येत होती हे पाहणे. दुसरे, १८८२ चे कोल्हापूर प्रकरण आणि १८९७ चे गोखले यांचे माफीप्रकरण यांची तुलना करणे. तिसरे, या तुलनेतून निघणारा निष्कर्ष अलीकडच्या काळातील, विशेषतः वऱ्हाडच्या परिसरातील, अनुभवाशी ताडून पाहणे.

१. बातमी येण्याचे मार्ग : टपाल, पत्रलेखक आणि टोपणनाव

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले. त्यानंतर 'प्रभाकर', 'ज्ञानप्रकाश', 'इंदुप्रकाश' अशी पत्रे निघत गेली. वऱ्हाडातही त्याच शतकात अकोल्याचे 'वऱ्हाड समाचार' आणि अमरावतीचे 'प्रमोदसिंधु' ही पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. आज आपण ज्याला वार्ताहरांचे जाळे म्हणतो ते त्या काळच्या मराठी पत्रांपाशी नव्हते. संपादक हा पुष्कळदा शिक्षक, वकील किंवा छापखान्याचा मालक असे. मुंबई-कलकत्त्याच्या इंग्रजी पत्रांतील मजकूर, परगावच्या वर्गणीदारांनी टपालाने धाडलेली पत्रे आणि प्रवाशांनी सांगितलेले वर्तमान यांवर अंकातील बातम्यांची भिस्त असे.

या व्यवस्थेत टोपणनावाला प्रतिष्ठा होती. गोपाळ हरि देशमुख यांनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये लिहिलेली शतपत्रे 'लोकहितवादी' या नावाने आली. ते सरकारी नोकरीत होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. जातिबहिष्काराचे भय, वरिष्ठांचा रोष आणि संस्थानांतील दरबारी दहशत यांमुळे खरे बोलू इच्छिणाऱ्या माणसालाही नाव झाकावे लागे. निनावी पत्र हे त्या काळी सत्य बाहेर येण्याचे एक आवश्यक साधन होते. मात्र ज्या दारातून सत्य येत होते त्याच दारातून असत्यही येऊ शकत होते. दारावर पहारा एकच होता, तो म्हणजे पत्र आणणाऱ्यावर संपादकाचा असलेला व्यक्तिगत विश्वास.

दुसरी एक गोष्ट या विश्वासाला पोषक ठरली. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत देशी वृत्तपत्रांचा कायदा झाला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. देशी भाषांतील पत्रे खोटेनाटे लिहून प्रजेला चिथावतात, ही त्यामागची सरकारी समजूत होती; तर सरकार खरे ते दडपते, ही देशी संपादकांची समजूत या कायद्याने अधिकच दृढ झाली. लॉर्ड रिपनच्या काळात १८८२ मध्ये हा कायदा रद्द झाला, पण परस्पर अविश्वास उरलाच. अशा वातावरणात सरकारने एखाद्या गोष्टीचा इन्कार केला तर तो इन्कारच त्या गोष्टीचा पुरावा वाटू लागतो. खोटी बातमी रुजण्यास याहून सुपीक जमीन नसते.

२. कोल्हापूर प्रकरण (१८८१-८२)

जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात 'मराठा' हे इंग्रजी आणि 'केसरी' हे मराठी साप्ताहिक सुरू झाले. 'केसरी'चे संपादकत्व गोपाळ गणेश आगरकरांकडे, तर 'मराठा'चे बाळ गंगाधर टिळकांकडे होते. दोघेही ऐन पंचविशीतले, न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकविणारे शिक्षक होते.

त्या सुमारास कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्या हालअपेष्टांच्या वार्ता पुण्यास येत होत्या. १८७१ मध्ये दत्तक आलेले हे राजे अद्याप तरुण होते. संस्थानचा कारभार इंग्रज राजकीय प्रतिनिधीच्या देखरेखीखाली कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे पाहत असत. महाराजांना वेड लागले आहे असे अधिकारी सांगत. त्यांना छळ करून वेडे ठरविले जात आहे, असे लोक म्हणत. शिवछत्रपतींच्या गादीवरील तरुण राजाची ही अवस्था ऐकून महाराष्ट्रातील लोकमत प्रक्षुब्ध झाले असल्यास नवल नाही.

याच वेळी कारभारी बर्वे यांची म्हणून काही पत्रे पुण्यातील मंडळींच्या हाती आली. महाराजांविरुद्धच्या कारस्थानात कारभाऱ्यांचा हात असल्याचे त्यांवरून दिसत होते. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी या पुराव्याच्या बळावर बर्व्यांवर जळजळीत टीका केली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटला चालू असतानाच ही पत्रे बनावट असल्याचे उघडकीस आले. आपण फसविले गेलो हे कळताच टिळक-आगरकरांनी माफी मागितली, परंतु फिर्याद मागे घेतली गेली नाही. जुलै १८८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दोघांना प्रत्येकी चार महिन्यांची कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले. दरम्यान, १७ मार्च १८८२ रोजी त्यांचे ज्येष्ठ सहकारी विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचे निधन झाले होते. तुरुंगातील दिवसांवर आगरकरांनी पुढे स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

या प्रकरणाचा एक विशेष असा की, फुले यांच्या सत्यशोधक वर्तुळातील रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी या दोघांसाठी १० हजार रुपयांचा जामीन दिला. चिपळूणकरांच्या लेखणीने ज्यांना सोडले नव्हते त्या फुल्यांच्या अनुयायांनी 'केसरी'कारांसाठी उभे राहावे, यावरून कोल्हापूरच्या राजाविषयीची सहानुभूती किती सर्वव्यापी होती हे ध्यानात येते. टिळक-आगरकर तुरुंगातून बाहेर आले ते लोकप्रिय होऊनच. चरित्रग्रंथांत हे प्रकरण बहुधा देशसेवेतील पहिला कारावास म्हणून गौरविले जाते. पत्रकारितेच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र ते एक फसलेले वृत्तांकन आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदविले पाहिजे.

कायद्याचा या बाबतीतला दृष्टिकोन मार्मिक होता. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये अब्रुनुकसानीला काही अपवाद होते आणि त्यांपैकी अनेक 'सद्भावा'वर अवलंबून होते. तथापि सद्भाव म्हणजे काय, हे कलम ५२ ने सांगितले होते. योग्य ती काळजी व दक्षता न घेता बाळगलेला विश्वास हा सद्भाव नव्हे, असा त्या कलमाचा आशय होता. मनापासून खरे वाटले, एवढे कायद्याला पुरत नव्हते. ते खरे आहे की नाही याची शहानिशा केली काय, हा प्रश्न तो विचारत होता. १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात गेलेल्या दोन तरुणांच्या बाबतीत हा प्रश्न जितका कठोर तितकाच न्याय्य होता.

या प्रकरणाचा खरा अंत मात्र न्यायालयात झाला नाही. २५ डिसेंबर १८८३ रोजी चौथ्या शिवाजी महाराजांचा अहमदनगर येथे, इंग्रजांच्या नजरकैदेत असताना, ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर मृत्यू झाला. म्हणजे राजाच्या हालांविषयीची लोकांची मूळ चिंता निराधार नव्हती. पत्रे बनावट होती, दुःख बनावट नव्हते. पण बनावट पत्रांच्या खटल्यानंतर कोल्हापूरच्या राजाविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाला 'पुन्हा तीच कागदपत्रे काय?' असे विचारण्याची सोय अधिकाऱ्यांना आयतीच मिळाली. ज्याची बाजू घेण्यासाठी ती पत्रे छापली गेली, त्याचाच पक्ष त्या पत्रांनी दुबळा केला.

३. लंडनचे समांतर उदाहरण

देशी संपादक अननुभवी होते म्हणून फसले, असा युक्तिवाद येथे कोणी करील. त्याचे उत्तर पाच वर्षांतच लंडनमध्ये मिळाले. एप्रिल १८८७ मध्ये 'द टाइम्स' या जगातील त्या काळच्या सर्वांत प्रतिष्ठित वृत्तपत्राने आयर्लंडचे नेते चार्ल्स पार्नेल यांच्या सहीचे म्हणून एक पत्र प्रसिद्ध केले. १८८२ मध्ये डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये झालेल्या राजकीय खुनांचे त्यात समर्थन होते. पुढे चौकशी आयोगासमोर, फेब्रुवारी १८८९ मध्ये, रिचर्ड पिगॉट नावाच्या इसमाने ही पत्रे रचल्याचे सिद्ध झाले. बनावट पत्रात एका इंग्रजी शब्दाचे चुकीचे स्पेलिंग होते आणि उलटतपासणीत पिगॉटने लिहून दाखविताना नेमकी तीच चूक केली. त्याने माद्रिदला पळून जाऊन आत्महत्या केली. 'टाइम्स'ला पार्नेल यांना ५ हजार पौंड भरपाई द्यावी लागली.

'टाइम्स'जवळ पैसा, अनुभव, कायदेपंडित सर्व काही होते. तरीही ते फसले, कारण पार्नेल खुनाला उत्तेजन देणारा आहे हे संपादकांनी पत्र हाती येण्यापूर्वीच मनाशी ठरविलेले होते. कोल्हापूर आणि लंडन येथील राजकारण परस्परविरुद्ध टोकांचे होते. एकीकडे दुबळ्याचा कैवार होता, दुसरीकडे साम्राज्याचा. परंतु दोन्हीकडे बनावट पत्राने नवे काही सांगितले नाही. आधीच जे खरे मानले होते त्याला त्याने कागद पुरविला. जो पुरावा आपल्याला हवाच होता, तो आयता चालून आला की माणूस त्याची परीक्षा करीत नाही.

४. गोखले यांचा माफीनामा (१८९७)

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. तिच्याबरोबर अफवांचीही साथ आली. रुग्णालयात माणसांना मारून त्यांच्या देहापासून औषध काढतात, अशी वदंता पसरली आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड येथील रुग्णालयावर हल्ला केला. ही अफवा वैद्यकीय दृष्ट्या निराधार होती. पण ज्यांच्या घरातील आजारी माणूस बळाने नेला जातो आणि बहुधा परत येत नाही, त्यांच्या भीतीला तिने शब्द दिले होते.

१८९७ च्या आरंभी पुण्यात रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमण्यात आली. घरझडतीसाठी गोऱ्या सैनिकांचा उपयोग झाला. देवघरात व माजघरात शिरणे, सामानाची नासधूस, बायकामाणसांची अप्रतिष्ठा अशा तक्रारी घरोघरी होत्या. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या.

गोखले त्या वेळी वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेलेले होते. पुण्याहून विश्वासू स्नेह्यांची पत्रे त्यांना येत होती. त्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथील 'मँचेस्टर गार्डियन'मधून सैनिकांच्या वर्तनाविषयी गंभीर आरोप केले. दोन स्त्रियांवर अत्याचार झाला आणि त्यांतील एकीने आत्महत्या केली, असे त्यात होते. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्याचा तीव्र इन्कार केला. जुलैअखेर गोखले मायदेशी परतले. त्यांनी आपल्या स्नेह्यांकडे पुरावा मागितला. त्या विशिष्ट आरोपाला आधार देईल असे कोणी पुढे आले नाही. ऑगस्ट १८९७ च्या आरंभी त्यांनी बिनशर्त माफी प्रसिद्ध केली. गव्हर्नर, प्लेग समितीचे सदस्य आणि प्लेगच्या कामावरील सैनिक या सर्वांची त्यांनी क्षमा मागितली.

येथे एक दुवा ध्यानात घेण्यासारखा आहे. १८८८ मध्ये आगरकरांनी 'सुधारक' पत्र काढले तेव्हा त्याच्या इंग्रजी भागाचे लेखन गोखले करीत असत. डोंगरीचा अनुभव घेतलेल्या संपादकाच्या हाताखाली त्यांची पत्रकारिता घडली होती. आगरकर १८९५ मध्ये निवर्तले आणि दोनच वर्षांत त्यांच्या सहकाऱ्याला त्याच प्रकारच्या प्रसंगातून जावे लागले. गुरूच्या अनुभवाने शिष्याचा बचाव झाला नाही. पत्र लिहिणारा स्नेही होता, विषय जिव्हाळ्याचा होता आणि जे कळविले गेले ते घडणे सर्वस्वी संभवनीय वाटत होते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे विवेकी माणसाचीही दक्षता कमी पडते.

गोखले यांच्या माफीने देशात त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. माफी फार नमती होती, असे अनेकांना वाटले. या टीकेत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. कारण सिद्ध न झालेल्या एका आरोपाबरोबर घरझडत्यांविषयीच्या पुष्कळशा खऱ्या तक्रारीही त्या माफीच्या ओघात बुडाल्या. कोल्हापूर प्रकरणात जे घडले तेच येथे पुन्हा घडले. सर्वांत भयंकर पण अप्रमाणित असा एक तपशील पुढे आला आणि तो कोसळल्यावर त्याच्याखाली साधे, दररोजचे, सिद्ध होऊ शकणारे अन्याय गाडले गेले.

तथापि त्यांच्या वर्तनातील दोन गोष्टी लक्षणीय आहेत. ज्यांच्या पत्रांवर विसंबून त्यांनी आरोप केले, त्यांची नावे त्यांनी शेवटपर्यंत उघड केली नाहीत. दोष पत्रलेखकांवर ढकलून स्वतः मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते. दुसरे असे की, माफी मागून ते घरी बसले नाहीत. पुण्यात प्लेग पुन्हा पसरला तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून निवारणकार्यात उतरले. चुकीची दुरुस्ती शब्दांनी करून न थांबता त्यांनी ती कामाने केली.

५. अमरावती काँग्रेस आणि १८९८ चा कायदा

याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर १८९७ मध्ये, राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले. सी. शंकरन नायर अध्यक्ष होते आणि स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे होते. त्यापूर्वी १४ सप्टेंबर रोजी राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली होती. या अधिवेशनात सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी त्यांच्याविषयी व्यक्त केलेली सहानुभूती प्रसिद्धच आहे. पुण्यातील प्रश्नांची धग अशा रीतीने वऱ्हाडच्या मांडवात पोहोचली.

सरकारने आपल्या परीने धडा घेतला तो असा. १८९८ मध्ये दंड संहितेत दुरुस्ती करून राजद्रोहाचे कलम १२४-अ अधिक व्यापक केले, १५३-अ हे नवे कलम घातले आणि खोट्या वार्ता व अफवांविषयीचे कलम ५०५ नव्याने लिहिले. आजच्या भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून अमलात आली, कलम ३५३ हे त्या कलमाचे वारस आहे. म्हणजे अफवेविरुद्धचा आपला कायदा वसाहतकालीन भयातून आलेला आहे. त्याचा रोख असत्यावर जितका होता तितकाच असंतोषावरही होता. म्हणून खोट्या बातमीचा बंदोबस्त केवळ कायद्यावर सोपविणे धोक्याचे ठरते. सरकारला अप्रिय असलेली खरी बातमीही त्याच जाळ्यात सापडू शकते.

योगायोग असा की, त्याच १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. बखरीतील वर्णनांपेक्षा मूळ कागदाला प्रमाण मानण्याचा आग्रह महाराष्ट्रातील इतिहासलेखनात त्यातून रुजला. मात्र कोल्हापूर प्रकरणाने या आग्रहाला एक पुरवणी आधीच जोडून ठेवली होती : कागद आहे एवढ्याने तो अस्सल ठरत नाही. तो कोणी लिहिला, कोणाच्या हातून आला आणि तो खरा मानण्यात आपला स्वतःचा कोणता कल गुंतला आहे, हे तपासल्याखेरीज कागदही सांगोवांगीच असतो.

६. विकलेली बातमी आणि पुढे ढकललेली बातमी

स्वातंत्र्योत्तर काळात वृत्तपत्रांच्या आचरणावर लक्ष ठेवण्यासाठी १९६६ मध्ये प्रेस कौन्सिल स्थापन झाली. आणीबाणीत ती बरखास्त झाली आणि १९७८ च्या कायद्यान्वये १९७९ मध्ये पुन्हा अस्तित्वात आली. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत शब्दशः सारखा मजकूर बातमी म्हणून छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. प्रेस कौन्सिलच्या द्विसदस्य उपसमितीने 'पेड न्यूज'च्या या प्रकाराची २०१० मध्ये चौकशी केली. जाहिरातीला बातमीचा वेश देणे ही उघड फसवणूक होय. येथे प्रामाणिक वाहक कोणी नाही. म्हणून हा प्रकार प्रस्तुत लेखाच्या विवेचनाची मर्यादाही दाखवितो.

परंतु गेल्या काही वर्षांत अधिक घातक ठरला तो दुसरा प्रकार. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. मोबाइलवरून फिरणारे संदेश पुढे पाठविणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हेतू आपली व शेजाऱ्यांची मुले सांभाळण्याचा असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविण्यावर निर्बंध घातला.

अमरावतीकरांना अधिक जवळचा अनुभव नोव्हेंबर २०२१ चा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्रिपुरात हिंसक घटना घडल्या होत्या, हे खरे होते. त्याबरोबरच तेथील गोमती जिल्ह्यात काकराबन येथे मशिदीची मोडतोड झाल्याचे वृत्त समाजमाध्यमांतून फिरले. ते खोटे असल्याचे केंद्रीय गृहमंत्रालयाने १३ नोव्हेंबर रोजी जाहीर केले. तोपर्यंत १२ नोव्हेंबरच्या मोर्च्यात अमरावतीत दुकानांवर दगडफेक झाली होती आणि १३ तारखेच्या बंदमध्ये जाळपोळ. शहरात संचारबंदी लागू झाली, इंटरनेट सेवा बंद झाली. शेकडो कोसांवरील घटनेच्या खऱ्या-खोट्या मिश्रणाची किंमत येथील दुकानदारांनी आणि हातावर पोट असणाऱ्यांनी मोजली. परतवाडा-अचलपूरसारख्या मराठी, हिंदी आणि उर्दू या तिन्ही भाषांतून वार्ता फिरणाऱ्या जुळ्या शहरांत राहणाऱ्या अभ्यासकाला हा विषय ग्रंथालयापुरता ठेवता येत नाही.

१८८२ आणि २०२१ यांत साम्य आहे ते असे : मूळ दुःख खरे, त्याला चिकटलेला तपशील खोटा, वाहक पुष्कळदा प्रामाणिक. भेद आहे तो उत्तरदायित्वाचा. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक वृत्तपत्रावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव छापणे बंधनकारक केले होते. २०२३ च्या नव्या कायद्यानेही नियतकालिकांची नोंदणी कायम ठेवली आहे. म्हणून १८८२ मध्ये न्यायालयात उभे राहण्यास माणसे होती, माफी मागण्यास माणसे होती. पुढे ढकललेल्या संदेशाला असे नाव नसते. पाठविणाऱ्याला आपण काही प्रसिद्ध करीत आहोत असे वाटतच नाही. 'आला तसा पाठविला' हे वाक्य आज आपण किती सहजपणे उच्चारतो! टिळक, आगरकर किंवा गोखले यांनाही ते उच्चारता आले असते. त्यांच्याकडेही ते 'आलेच' होते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

एक, खोट्या बातमीचा प्रसार समजून घेण्यासाठी ती रचणाऱ्याच्या हेतूइतकाच ती पुढे नेणाऱ्याच्या विश्वासाचा अभ्यास आवश्यक आहे. अन्यायाची चीड, आपल्या माणसांविषयीची कळकळ आणि सत्तेविषयीचा अविश्वास या गोष्टी स्वतः निंद्य नाहीत. परंतु शहानिशेची सवय नसेल तर त्याच असत्याच्या वाटा बनतात.

दोन, असत्य पुराव्याने सर्वाधिक हानी होते ती खऱ्या तक्रारीची. चौथ्या शिवाजी महाराजांचे हाल आणि पुण्यातील घरझडत्यांचा जाच ही दोन्ही वास्तवे होती. अप्रमाणित तपशिलांनी त्यांची बाजू कमजोर केली. पीडितांचा कैवार घेणाऱ्याने म्हणूनच इतरांहून अधिक काटेकोर असावयास हवे.

तीन, चूक झाल्यावर तिचे मोल चुकते करण्याची वृत्ती ही पत्रकारितेची खरी कसोटी आहे. १८८२ मध्ये ते मोल कारावासाच्या रूपाने, तर १८९७ मध्ये लोकनिंदेच्या रूपाने दिले गेले. दोन्ही माफीनामे आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतात. आपल्या थोर पुरुषांच्या चुका विद्यार्थ्यांपासून दूर ठेवण्याकडे आपला कल असतो.

या शेवटच्या मुद्द्याशी आपला, म्हणजे अध्यापकांचा, थेट संबंध आहे. इतिहासाच्या पदवी वर्गात आपण साधनांचे बाह्य परीक्षण आणि अंतर्गत परीक्षण शिकवितो. कागद अस्सल आहे काय, लिहिणाऱ्याला ती गोष्ट ठाऊक असणे शक्य होते काय, त्याचा हितसंबंध कोणता, हे प्रश्न विद्यार्थी उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितात. तास संपल्यावर त्याच विद्यार्थ्याच्या हातातील मोबाइलवर एखादे छायाचित्र येते तेव्हा हे प्रश्न त्याला आठवत नाहीत. प्राध्यापक-कक्षात आपल्यालाही ते दर वेळी आठवतात असे नाही. कोल्हापूर प्रकरणातील बनावट पत्रे आणि गोखल्यांना आलेली पुण्याची पत्रे ही दोन उदाहरणे या परीक्षणाच्या पाठात समाविष्ट केली, तर तो पाठ परीक्षेपुरता राहणार नाही. पंचविशीतले दोन शिक्षक एका पत्रावर विश्वास ठेवून कसे फसले, हे विद्यार्थ्यांना सांगण्यात त्या शिक्षकांचा कोणताही अवमान नाही.